बाई उशिरा आली नव्हती

पुण्याहून कार्डांचा पहिला गठ्ठा आला, तेव्हा नगरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात लागून मला दोन-तीन महिनेच झाले होते. डॉक्टरकी मी पुण्यात शिकले. शिक्षण संपल्यावर घरच्यांचा विरोध असताना नगरला आले, कारण शस्त्रक्रियेच्या विभागात हाताखाली बाई घ्यायला तयार असलेले एकच सर्जन मला माहीत होते. दवाखान्यात सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. पन्नाशी उलटलेले, उंच, थोडे वाकलेले. जिल्हाभरातून माणसं त्यांचं नाव विचारत यायची. त्यांचे हात मी पाहिलेल्या सर्वांत चांगल्या हातांपैकी होते, आणि कागदाचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

त्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "कॅन्सरची नोंदणी सुरू करतायत म्हणे. आपल्याकडे येतील तेवढ्या केसेस लिहून पाठवायच्या. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही करा."

मला आनंदच झाला. कुठल्या भागात कोणता कॅन्सर किती आहे आणि माणसं दवाखान्यात येतात तेव्हा तो किती पुढे गेलेला असतो, हे तोवर आपल्याकडे कुणालाच धड माहीत नव्हतं. हे कळलं तर यंत्रं कुठे बसवायची, डॉक्टर कुठे पाठवायचे, बायकांना काय सांगायचं, हे सगळं ठरवता येईल असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. म्हणूनच पुढच्या गोष्टीचा इतका राग येतो.

कार्ड जाड आणि पिवळट होतं. एका बाजूला वय, गाव, धंदा. मागच्या बाजूला कॅन्सर कुठला, निदान कधी झालं, कशावरून झालं, आणि शेवटी एक चौकोन: निदानाच्या वेळची स्टेज. स्टेज म्हणजे आजाराची पायरी. स्तनाच्या कॅन्सरचं साधारण असं होतं, की गाठ लहान आणि जागच्या जागी हलणारी असली तर एक. काखेतल्या गाठी हाताला लागल्या, पण सुट्या असल्या तर दोन. गाठ कातडीला किंवा खाली छातीला चिकटली, वर जखम झाली तर तीन. हाडांत, फुप्फुसांत पोचली तर चार. हे ठरवायला मोठं यंत्र लागत नाही. हात लागतो, मोजपट्टी लागते, छातीचा एक एक्स-रे लागतो, आणि सापडलेलं तिथल्या तिथे लिहून ठेवायची सवय लागते.

ती सवय आमच्याकडे नव्हती. मागच्या काही महिन्यांचे केसपेपर काढून बसले, तर बहुतेकांवर एकच ओळ: कॅन्सर, पुढे गेलेला, पुण्याला पाठवा. गाठ केवढी, कुठे, काखेत काय, काही नाही. मी पेपर घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते हात धूत होते.

"ह्या बाईची स्टेज काय होती, डॉक्टर?"

"कुठली होती ती?"

"पाथर्डीकडची. चार महिन्यांपूर्वीची."

"लिहा तीन."

"कशावरून?"

त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. चिडले नव्हते, मी इतकं सोपं का विचारते, असं त्यांना वाटलं असावं. "खेड्यातली होती ना? मग तीन. ह्या बायका त्याच्या आधी येतात कधी?"

मी तो चौकोन कोरा ठेवला. सगळीच कार्डं तशी कोरी पाठवली. काही आठवड्यांनी गठ्ठा परत आला, सोबत टंकलिखित चिठ्ठी: माहिती अपूर्ण आहे, पूर्ण करून पाठवावी. चिठ्ठी मोठ्या डॉक्टरांच्या नावाने होती, म्हणून गठ्ठा त्यांच्या टेबलावर गेला. दुपारच्या चहाच्या वेळेला मी आत गेले, तर ते बशीत चहा गार करत एका हाताने कार्डांवर आकडे टाकत होते. तीन, तीन, तीन, मध्येच एखादा चार.

"डॉक्टर, हे आपल्याला माहीत नाहीये."

"त्यांना आकडा हवाय, मी आकडा देतोय. माझे बाहेर तीस पेशंट बसलेत." आणि खरंच बसले होते. मी बाहेर येऊन पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

त्याच उन्हाळ्यात नेवाश्याकडून ती बाई आली.

दुष्काळाचं साल होतं. नेवाश्याला नदी आहे, पण तिचं गाव कालव्यापासून लांब, कोरड्या बाजूला. घरातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि कामावर वाटली जाणारी सरकारी सुकडी, गोड पिठाची भुकटी, खात होती. ती आली तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. काटक, काळीसावळी, बोलायला स्पष्ट. सोबत नवरा, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. तो ओपीडीच्या दाराशीच थांबला. मी तिला पडद्यामागे घेतलं, पदर बाजूला करायला सांगितलं, आणि वास आला तेव्हाच समजले. डाव्या बाजूला लिंबापेक्षा मोठी गाठ, कातडीला धरलेली, वर फुटून जखम झालेली. काखेत गाठींचा पुंजका. मी मोजलं, लिहिलं, चित्र काढलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी दोन बोटांनी तपासलं, जखम पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "इतके दिवस काय झोपली होतीस?"

बाईने पदर ओढून घेतला. "म्या उशिरा न्हाई आले, सायेब."

"हे काय मग? हे काय एका दिवसात झालं?"

"म्या आल्ते की. तुमच्याकडंच आल्ते, गेल्या उन्हाळ्यात. तवा सुपारीयेवढी हुती, हाताखाली सरकायची. तुमीच बघितलं."

"हो, हो," ते म्हणाले, आणि सिस्टरकडे वळून, "दाखल करा, एक्स-रे, तुकडा काढून तपासायला पाठवा," असं सांगून पुढच्या पेशंटकडे गेले. रोज कुणी ना कुणी त्यांना सांगायचं की मी तुमच्याकडे आले होते. ते सगळ्यांना हो म्हणत.

संध्याकाळी ड्रेसिंगच्या वेळी मी तिच्यापाशी बसले. तिला राग आला होता. दुखण्याचा नव्हे, त्या एका वाक्याचा. पट्टी सोडवताना ती छताकडे बघून बोलत होती.

"न्हाताना हाताला लागली. दुसऱ्या दिशी नवऱ्याला सांगितलं. आमच्यात बाया सांगत न्हाईत, पन म्या सांगितलं. त्यो म्हनला, नगरला मोठा डाक्टर हाय, जाऊ. इकडं आलो. सायबांनी बघितलं अन् म्हनले, दुधाची गाठ हाय. म्या म्हनलं, पोरगं शाळंत जातंय, आता कुठलं दूध? तर म्हनले, ऱ्हाती कधी कधी. दुखलं तर ये."

"मग?"

"मग काय. दुखलंच न्हाई."

कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच घातक असते. हिला दुखलं तर ये असं सांगितलं होतं, आणि हिने ते तंतोतंत पाळलं.

पुढे दिवाळीनंतर गाठ वाढलेली पाहून तिने नेवाश्याला एका डॉक्टरला दाखवलं. त्याने गळू समजून सुया टोचल्या, मलम दिलं. कामावर खडीची पाटी उचलताना तिथे घासायचं, एक दिवस फुटलं. मग पुन्हा इकडे.

"ते हेच डॉक्टर होते? नक्की?"

"व्हय. त्यांच्या उजव्या अंगठ्याला ही मोठी पट्टी हुती. डाव्या हातानं दाबून बघितलं. म्या ध्यानात ठिवलं, कारन म्हनलं, डाक्टरलाबी लागतंय."

तिथल्या जुन्या सिस्टर पलीकडच्या खाटेजवळ औषधं देत होत्या. त्यांनी मान वर केली. "गेल्या उन्हाळ्यात कापला होता खरा अंगठा," त्या म्हणाल्या. "दहा-बारा दिवस ऑपरेशनं बंद होती." आणि पुन्हा गोळ्या मोजायला लागल्या.

आदल्या वर्षीचे ओपीडीचे पेपर मी शोधले. मिळणार नाहीत हे माहीत होतं. दाखल न झालेल्यांचे पेपर वर्ष सरलं की रद्दीत जात. ती येऊन गेल्याची खूण कुठेच उरली नव्हती.

तुकड्याचा रिपोर्ट आला: कॅन्सर. एक्स-रेत फुप्फुसं साफ होती. मी कार्ड काढलं. निदानाची तारीख: रिपोर्टची. निदान कशावरून: तुकडा तपासून. स्टेज: तीन. ह्या वेळी तो आकडा खरा होता. मी स्वतः हाताने पाहिलेला, मोजपट्टीने मोजलेला. आणि तरी ते कार्ड मला सगळ्यांत खोटं वाटत होतं. कारण ते वाचणारा काय समजणार? नेवाश्याची बाई, शेतकरी, वय चाळीस, गाठ फुटेपर्यंत आली नाही.

मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. त्यांना सगळं सांगितलं; दुधाची गाठ, दुखलं तर ये, अंगठ्याची पट्टी. स्वतःचा उजवा अंगठा त्यांनी उजेडाकडे धरला. कापल्याचा पांढरा वण होता.

"अंगठा आठवतो मला," ते म्हणाले. "बाई आठवत नाही."

"ती खोटं बोलत नाहीये."

"मी कुठे म्हणालो?" त्यांनी अंगठा खाली घेतला आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "पण कार्ड काय विचारतंय? निदानाच्या वेळची स्टेज. निदान कधी झालं? गेल्या आठवड्यात. तेव्हा तीनच आहे. तुम्ही बरोबर लिहिलंय, पाठवून द्या."

त्यांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. ज्या दिवशी आमचं चुकलं त्या दिवशी निदान झालंच नव्हतं, म्हणून कार्डाच्या हिशेबी तो दिवस उगवलाच नव्हता.

चार दिवसांनी त्यांनी तिचं ऑपरेशन केलं. सकाळचं सुरू झालेलं दुपार टळून गेली तरी चाललं होतं. मी समोर उभी होते. काखेतली एकेक गाठ ते इतक्या निगुतीने सोडवत होते की बघत राहावं. मध्येच एकदा, कुणाला उद्देशून नाही, ते म्हणाले, "सुपारीएवढी असती तर तासाभराचं काम." मी वर पाहिलं, पण मास्कवरचे डोळे खालीच होते. त्यानंतर त्या बाईचा विषय त्यांनी माझ्याजवळ कधी काढला नाही.

कार्ड माझ्याकडेच होतं. मी ते टपालाने न पाठवता एका सुटीच्या दिवसाला रजा जोडून घेतली आणि सकाळच्या एसटीने स्वतः पुण्याला घेऊन गेले.

नोंदणीचं ऑफिस एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं होतं. तिथले अधिकारी डॉक्टर नव्हते, आकडेशास्त्र शिकलेले होते. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, बाह्यांना शाईचे डाग. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. कार्डांबद्दल भांडायला आजवर कुणी आलेलं नाही, म्हणाले.

मी त्या बाईची हकीकत सांगितली. मी म्हणाले, कार्डात आणखी एक प्रश्न घाला. रुग्णाने ही तक्रार पहिल्यांदा कुठल्याही डॉक्टरला कधी दाखवली? बस, एवढंच. उशीर बाईने केला का आपण, ते त्यावरून कळेल.

त्यांनी कपाटातून कार्डांचा एक जुडगा काढून माझ्यापुढे ठेवला. कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातला होता; गाव त्यांनी बोटाखाली झाकलं. वेगवेगळ्या महिन्यांची कार्डं, वेगवेगळी अक्षरं, पण स्टेजच्या चौकोनात सगळीकडे त्याच निळ्या शाईचा, त्याच वळणाचा तीन.

"एका बैठकीत भरलेत," ते म्हणाले. "बाकीची कार्डं कोरी येतात. कोरी आली की मला वरून विचारतात, अपूर्ण का? मग मी चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठी गेली की हे असं भरून येतं. कोरं होतं तेव्हा आपल्याला माहीत नाही, एवढं तरी माहीत होतं."

"मग चिठ्ठ्या पाठवू नका."

ते कसनुसं हसले. "आणि तुमचा तो प्रश्न घातला, तर त्याचं उत्तर कोण लिहिणार? ज्याने बाईला परत पाठवलं तोच डॉक्टर ना? तो लिहील?"

"मी लिहीन."

"तुम्ही एकट्या." ते चष्मा पुसायला लागले. "शिवाय कार्ड इथे ठरत नाही. मुंबईत ठरतं. सगळीकडे तेच प्रश्न लागतात, नाहीतर एका ठिकाणाची दुसऱ्याशी तुलना कशी करायची? मी तुमचं म्हणणं लिहून पाठवीन वर. पण आशा धरू नका."

माझ्या हातातलं कार्ड त्यांनी घेतलं. समासात मी बारीक अक्षरात लिहिलं होतं: रुग्णाच्या सांगण्यानुसार एक वर्षापूर्वी डॉक्टरला दाखवले, तेव्हा गाठ सुपारीएवढी व हलती. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे राहू दे," म्हणाले, "पण मोजताना ते मोजलं जाणार नाही. समास मोजता येत नाही."

त्यांच्यावर रागावणंही मला जमेना. परतीच्या एसटीत शिरूरपर्यंत मी उभी होते आणि त्यांना काय काय म्हणायला हवं होतं ते मनात म्हणत होते.

पावसाळ्यानंतर नगरच्या डॉक्टरांची एक सभा झाली. बाहेरून एक नामांकित प्राध्यापक आले होते. त्यांनी नोंदणीच्या आकड्यांवरून फळ्यावर खडूने खांब काढले, लहान-मोठे. सगळ्यांत उंच खांब तीनचा. आपल्या ह्या भागातल्या ग्रामीण स्त्रिया, ते म्हणाले, अज्ञान आणि लाज ह्यामुळे फार उशिरा येतात. त्यांना शिकवलं पाहिजे. सभागृहात माना डोलल्या. मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते.

उभं राहायचं मी ठरवलं नव्हतं. पण राहिले. सभेत बाई मी एकटीच होते, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या.

"सर, ह्या खांबातली काही कार्डं मी भरताना पाहिली आहेत," मी म्हणाले. "पेशंट घरी गेल्यावर महिन्यांनी, न तपासता तीन लिहिलेला आहे. पेशंट खेड्यातली आहे म्हणून तीन लिहिलाय. आणि मग त्या तीनवरून आपण म्हणतो, की खेड्यातल्या बायका उशिरा येतात."

कुजबुज झाली. प्राध्यापक म्हणाले, "एखाद-दुसरं कार्ड चुकत असेल..."

"आणि जिथे तीन खरा आहे, तिथे ती बाई आधी कुणाकडे गेली होती हे आपण विचारतच नाही. माझ्याकडची एक बाई वर्षभर आधी आली होती. तिला आपणच परत पाठवलं."

मी 'आपणच' एवढंच म्हणाले, नाव घेतलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो बाई." अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि चर्चेचा विषय महत्त्वाचा असला तरी चहा गार होतो आहे, असं म्हणून सभा उठवली. चहाच्या टेबलाशी माझ्याजवळ कुणी आलं नाही. मोठे डॉक्टर चहा न घेताच निघून गेले.

आठवडाभर त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी नोकरी सोडायची मनाची तयारी केली होती. मग एका सकाळी ओपीडीत त्यांनी मला हाक मारली. राहात्याकडची एक बाई टेबलावर होती. "मोजपट्टी आणा," ते म्हणाले. त्यांनी तपासलं, आकडे सांगितले, मी लिहिले. काखेत काय, ते सांगितलं. हलते की नाही, ते सांगितलं. "आणि विचारा तिला, आधी कुणाला दाखवलं होतं का," असं म्हणून ते पुढे गेले. त्या दिवसापासून आमच्याकडून जाणाऱ्या कार्डांवरचा स्टेजचा आकडा खरा जाऊ लागला. मात्र आधी कुणाला दाखवलं, ते मी समासातच लिहीत राहिले. पुण्याहून त्याबद्दल कधी काही कळलं नाही. नवीन छापलेली कार्डं आली ती जुन्यासारखीच होती, फक्त कागद पातळ झाला होता.

नेवाश्याची ती बाई त्या थंडीत तपासणीला आलीच नाही. ऑपरेशननंतर तिला पुण्याला किरणांच्या उपचारासाठी पाठवलं होतं. तिथे ती निम्मे दिवस राहून परतली, एवढं कळलं. नेवाश्याला एका शिबिरासाठी आमची जीप गेली, तेव्हा मी वाट वाकडी करायला लावून तिच्या गावी गेले.

ती अंगणात बसून एका हाताने हरभऱ्याची भाजी खुडत होती. दुसरा, ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता. मला पाहून उठायला लागली, मी बसवलं. तिच्या पोरीने पाणी आणलं.

"किरणं अर्धवट का सोडली?"

"तिथं व्हरांड्यात निजायचं, बाई. पोरं हितं. पाऊस पडला तवा पेरनीला मानूस नगं व्हय?"

मी तिचा श्वास ऐकला, पाठीचा मणका दाबून पाहिला. तिने ओठ आवळले. मणक्यात दुखत होतं, म्हणजे आजार हाडांत पोचला होता. मी पिशवीतल्या गोळ्या दिल्या. काय झालंय ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"सिस्टर म्हनल्या, तुमी माझ्या कागदासाठी पुन्याला गेल्ता."

"गेले होते."

"मग? काय लिव्हलं माझं?"

"तीन."

"तीन म्हंजे?"

"म्हणजे गाठ फुटल्यावर आलीस."

ती भाजी खुडायची थांबली. "आदी आल्ते, त्ये?"

"ते लिहायला कागदावर जागा नाही. मी बाजूला लिहिलंय. पण ते धरत नाहीत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात कुणी उघड उघड खोटं माप घालताना पाहावं. "येवढ्या मोठ्या कागदावर जागा न्हाई?"

"नाही."

"मंग त्यो कागद कशाला करत्यात?"

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, पुढच्या बायांसाठी. किती बाया कधी येतात ते कळावं म्हणून. पोर दाराशी उभी राहून ऐकत होती. शेवटी बाई म्हणाली, "पुढच्या बायांला सांगायचं असंल तर त्यांला हे सांगा, की म्या येळंवर गेल्ते. न्हाईतर त्या म्हनतील, हिचंच चुकलं." आणि भाजीचा वाटा पदरात बांधून मला घ्यायला लावला. जीपवाला हॉर्न वाजवत होता.

श्रावणात तिचा नवरा दवाखान्यात आला. मला शोधत थेट वॉर्डात आला आणि डोक्याचा रुमाल काढून उभा राहिला, तेव्हाच मी समजले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेली, म्हणाला. शेवटी पाय हलत नव्हते. मी त्याला खाली नेऊन चहा दिला. चहा संपवून तो म्हणाला, "तिला तुमचं लई हुतं. सगळ्यांना सांगायची, त्या बाई माझ्यासाठी पुन्यात भांडल्या. त्याचं पुढं काय झालं, बाई?"

"काही नाही झालं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. रागावला नाही, त्याला त्यात नवल वाटलं नाही, आणि तेच मला फार लागलं. पोरीला एकदा बघून घ्यायचं का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, आणा, केव्हाही आणा, मी नसले तरी मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या डॉक्टरांचं नाव ऐकताच तो उठला. मग, "तुमी असाल तवाच आनीन," म्हणाला, रुमाल डोक्याला गुंडाळला आणि नेवाश्याची गाडी गाठायला निघून गेला.